नित्याची तसबीर

सदाशिव पेठेतील जुन्या वाड्यांतून निघणारे अल्बम चाळताना मुंज, विवाह, एकसष्टी यांचे दाखले मुबलक सापडतात. परंतु बारा चित्रांचा रोल पुरवून वापरण्याच्या त्या काळी, चौकातून माजघरात उतरणाऱ्या तिरप्या उजेडात ताक घुसळणारी आजी, वा पाढे म्हणता म्हणता ओसरीवर पेंगलेला नातू, यांच्यासाठी एकही चित्र खर्ची पडले नाही, याची मनस्वी हळहळ वाटते. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरगुती वस्तूंतील कलागुण ओळखून शेजारच्या शुक्रवार पेठेत संग्रहालय उभारले. तीच दृष्टी कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येकाने आता घरच्या माणसांकडे वळवावी, ही आमची आग्रहाची विनंती. उजेड खिडकीचाच पुरे, आणि कोणालाही ‘इकडे पाहा’ म्हणू नये.