लाइट गेल्यावर पाणी कुठे जातं?

आमच्याकडे खाऱ्या पाण्याचा सहा फुटी फिशटँक आलाय हे एव्हाना सगळ्या नातेवाईकांना कळलंय. सेकंडहँड आहे हेही कळलंय (बायकोची कृपा!). त्यामुळे प्रत्येक फोनवर एकच प्रश्न: मासे कोणते घेतले? तर मंडळी, मासा अजून एकही नाही. गेला दीड महिना नुसते पाइप चालू आहेत. "त्यात काय एवढं? प्लंबर बोलाव, दोन तासांत जोडून देईल," इति मामा. मामाचा मान राखून सांगतो, मला हे अजिबात पटत नाही.

माझं स्पष्ट मत असं की वापरलेली मोठी टाकी घेतली की पैसा, वेळ आणि डोकं सगळ्यात जास्त नळकामावर घालावं, माशांवर नाही. आणि नळकाम चांगलं की वाईट हे टाकी चालू असताना कळतच नाही. ते कळतं लाइट गेल्यावर.

कसं ते सांगतो. टाकीतलं पाणी वरच्या काठावरून कोपऱ्यातल्या खोक्यात पडतं, तिथून पाइपने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत येतं. तिला संप म्हणतात (हा पुकारायचा नव्हे!). पाण्याचा गाळणा, हीटर वगैरे सगळं तिथेच. मग पंप ते पाणी परत वर चढवतो. लाइट गेली की पंप थांबतो, पण पाणी थांबत नाही. वर चढवणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि तोच पाइप आता उलटा पाणी ओढायला लागतो. आमची टाकी ६ बाय २ फूट. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ११ लिटर पाणी खाली. ते तोंड ५ सेंटिमीटर खोल असेल तर ५५ लिटर! संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर उरलेलं थेट फरशीवर.

यावर दुकानात उपाय सांगतात, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका. टाका की, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेत वाळूचा कण, शेवाळ, शिंपल्याचा तुकडा अडकतो आणि ती पूर्ण मिटत नाही. खरा उपाय साधा आहे: पाइपचं तोंड पृष्ठभागाजवळ ठेवायचं, आणि संपमध्ये जागा रिकामी सोडायची. तिथे आणखी एक यंत्र बसवायचा मोह आवरायचा.

"इन्व्हर्टर आहे ना?" आहे. पण बॅटरीही संपते, पंपही जळतो. इन्व्हर्टरने पाणी सांडायचं पुढे ढकललं जातं, टळत नाही.

उलटंही होतं. शेवाळ खायला ठेवलेली गोगलगाय एखाद्या रात्री उतरत्या पाइपात शिरते आणि बूच बसतं. पंप मात्र वर पाणी ढकलतोच आहे. म्हणून उतरते पाइप दोन हवेत, आणि दुसऱ्यावर व्हॉल्व्ह अजिबात नको. तो कायम मोकळा. शिवाय पंपाचा कप्पा एवढाच ठेवावा की त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टाकी काठोकाठ भरेल, सांडणार नाही.

आता प्लंबरबद्दल. माणूस आपल्या कामात तरबेज असतो, पण सवयीने पितळी आट्यांचा एल्बो लावून मोकळा होतो. पितळेत तांबं असतं, आणि खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी-गोगलगायींना तांबं म्हणजे विष. इथे सगळं प्लॅस्टिकचंच हवं. जुने टँक निपल घेतले तरी रबरी वायसर नवेच घ्या. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन लावा, नाहीतर पंप काढायचा म्हणजे पाइप कापायचा.

एवढा आटापिटा कशाला? कारण आमच्या फरशीच्या खाली काकूंच्या घराचं छत आहे. वर जवळपास ७०० किलो खारं पाणी, आणि त्याची गळती म्हणजे साधी ओल नव्हे. मीठ स्लॅबमध्ये मुरलं की आतल्या सळ्या गंजायला लागतात. हौस आपली आणि छत दुसऱ्याचं, हा हिशोब मला मंजूर नाही. शहरात टाकी ठेवणाऱ्या कुणालाच तो मंजूर नसावा.

म्हणून माझा आग्रह: मीठ आणि मासे आणण्याआधी टाकी साध्या पाण्याने भरा आणि पंपाचं बटण मुद्दाम बंद करा. एकदा नाही, दहा वेळा. एकदा रात्रभर. मग एक उतरता पाइप फडक्याने बुजवून पाहा. सकाळी फरशी कोरडी राहिली तर माशांच्या दुकानाची पायरी चढा. तोवर रिकाम्या टाकीतलं स्वच्छ पाणी बघत बसायलाही काही वाईट नाही.