रॅम सोन्याच्या भावात! एडिटिंग आणि गेमिंगचा तगडा पीसी आता जुळवायचा कसा?

तगडा पीसी असेंबल करायचा म्हटलं की आजवर सगळी चर्चा दोन गोष्टींभोवती फिरायची. प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं? रॅम यादीच्या तळाशी असायची. '३२ जीबी टाकून द्या' म्हटलं की विषय संपायचा.

२०२५ च्या अखेरीस हे चित्र उलटं झालं. डीडीआर५ रॅमची ३२ जीबीची जी जोडी अमेरिकेत त्या वर्षीच्या उन्हाळ्यात १०० डॉलरच्या आसपास मिळत होती, ती डिसेंबरात ३०० डॉलरच्या पुढे गेली. त्याच डिसेंबरात एका डॉलरला ९० रुपयांहून जास्त मोजायची वेळ पहिल्यांदाच आली. वर १८ टक्के जीएसटी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दुकानात कोटेशन काढणाऱ्याला हे तिन्ही फटके एकदम बसतात.

हा हौशी गेमर्सपुरता प्रश्न नाही. लग्नाचे व्हिडिओ करणारे, यूट्यूब चॅनेल चालवणारे, रील्स एडिट करून देणारे अनेक जण एकाच मशीनवर दिवसा कमावतात आणि रात्री खेळतात. बरेचदा ते मशीन हप्त्यावर घेतलेलं असतं. अशा वेळी चुकीच्या भागावर गेलेले वीस-पंचवीस हजार थेट धंद्यातून जातात.

रॅम एवढी महागली का?

जगातली जवळपास सगळी डीरॅम मेमरी तीन कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. याच तिघी एआय डेटा सेंटरमधल्या चिप्ससाठी लागणारी एचबीएम ही खास मेमरीही बनवतात. तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमसाठी डीडीआर५ च्या साधारण तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतं. नफाही तिथेच जास्त. त्यामुळे कारखान्यातली जागा एचबीएमकडे आणि सर्व्हरच्या मेमरीकडे वळली.

१ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी स्टारगेट प्रकल्पासाठी प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याचं लक्ष्य सांगितलं गेलं. प्रत्यक्षात एवढी मागणी येईल का, हा वेगळा वाद आहे. पण बाजाराला इशारा पुरला. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशियल' या नावाने ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा धंदा ती बंद करतेय. भारतात स्वस्त आणि भरवशाची रॅम म्हणून वर्षानुवर्षं याच ब्रँडचं नाव सुचवलं जायचं.

गुजरातमधल्या साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग भारतात रॅम स्वस्त का नाही, असा प्रश्न सोशल मीडियावर दिसतो. तो प्रकल्प चिपची जुळणी, चाचणी आणि पॅकेजिंगचा आहे. मूळ वेफर तिथे बनत नाहीत आणि तुटवडा वेफरचाच आहे.

पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा

बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. एडिटिंग करणाऱ्याने खरं तर आपल्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करायला हवी.

सोनी, कॅननचे अलीकडचे बरेच मिररलेस कॅमेरे ४:२:२ १०-बिट व्हिडिओ रेकॉर्ड करतात. फोनच्या नेहमीच्या ४:२:० व्हिडिओपेक्षा त्यात रंगांची माहिती जास्त असते, म्हणून कलर ग्रेडिंगला वाव मिळतो. पण हे फुटेज टाइमलाइनवर चालवताना भल्याभल्या मशीनला धाप लागते. कारण ते उलगडण्याची खास सोय हार्डवेअरमध्ये नसेल, तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअर्सवर येतो.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेत ही सोय नव्हती. अगदी ४०९० मध्येही नाही. ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमध्ये, अंगभूत ग्राफिक्स असलेल्या मॉडेलमध्ये, एचईव्हीसी प्रकारच्या ४:२:२ फुटेजसाठी ती आहे. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटीमध्ये ती नाही, गेमिंगसाठी कार्ड कितीही चांगलं असलं तरी. म्हणजे लग्नाचं शूटिंग ४:२:२ मध्ये करणाऱ्यासाठी नवीन ५०७० टीआय हे जुन्या, सेकंडहँड ४०९० पेक्षा सोयीचं ठरू शकतं. जो फोनवरच शूट करतो, त्याने या मुद्द्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

खर्चच करायचा नसेल तर प्रॉक्सी हा फुकटचा अपग्रेड आहे. मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर एडिटिंग करायचं आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल वापरायची. प्रीमिअर प्रो आणि डाविंची रिझॉल्व्ह, दोन्हींत ही सोय आहे.

प्रोसेसर : खेळ आणि काम यांची ओढाताण

गेमिंगमध्ये सध्या एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरचा दबदबा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डी मध्ये आठ कोअर आणि ९६ एमबी एल३ कॅशे आहे. ही मोठी कॅशे गेमला फळते, पण एक्स्पोर्ट किंवा थ्रीडी रेंडरला लागतात जास्त कोअर्स. म्हणून दोन्ही करणाऱ्यांपुढे सोळा कोअरचा ९९५०एक्स३डी ठेवला जातो. त्यातल्या दोन भागांपैकी एकाच भागावर जास्तीची कॅशे असते, त्यामुळे गेम त्याच भागावर चालवण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर येते.

आता एक हिशेब. जो ४के मॉनिटरवर खेळतो, त्याच्या बहुतेक गेममध्ये वेग ग्राफिक्स कार्डापाशी अडतो, प्रोसेसरपाशी नाही. म्हणजे एक्स३डीचा फायदा त्याला कमी दिसणार. त्याने साधा ९९५०एक्स किंवा इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के घेतला तरी खेळाचा विचका होत नाही, आणि कामाला कोअर्स मिळतात. १०८० पी वर खूप जास्त एफपीएस हवे असणाऱ्याचं गणित नेमकं उलटं आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वापरलेले डेस्कटॉप प्रोसेसर स्वस्तात दिसले तर सावध राहावं. त्यांतल्या अनेक मॉडेलमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा दोष निघाला. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झालेली झीज दुरुस्तीने भरून येत नाही.

रॅम किती आणि कशी?

४के एडिटिंग आणि गेमिंगला ३२ जीबी हा आज किमान आकडा आहे. आफ्टर इफेक्ट्सवर रोज काम असेल किंवा टाइमलाइनवर बरेच कॅमेरे असतील तर ६४ जीबी. १२८ जीबी 'पुढे लागेल' म्हणून घेण्याचे दिवस सध्या तरी गेले.

इथे एक खाचखळगा आहे. 'आता १६ जीबीच्या दोन स्टिक टाकू, पुढे स्वस्त झाली की आणखी दोन' हा जुना सल्ला डीडीआर५ ला नीट लागू पडत नाही. रायझन ९००० मालिकेत दोन स्टिकसाठी अधिकृत वेग ५६०० आहे, चार स्टिक लावल्यावर तो ३६०० वर येतो. त्यामुळे खरंच ६४ जीबी लागणार असेल तर ३२ च्या दोन स्टिकच घ्याव्यात. वेगाच्या बाबतीत ६००० पुरे. ८००० च्या चकचकीत किटचा फरक बिलात दिसतो, कामात क्वचितच.

ज्यांच्याकडे एएमडीचा जुना एएम४ बोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर४ आहे, ते सध्या सगळ्यात सुखी. त्याच बोर्डावर रायझन ९ ५९५०एक्ससारखा सोळा कोअरचा प्रोसेसर चालतो. सोबत नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं की दोन वर्षं निघतात आणि डीडीआर५ च्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

कार्डाची मेमरी बघा

डाविंची रिझॉल्व्हमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावलं की कार्डाची मेमरी झपाट्याने भरते. तिथे १२ जीबी कमी पडू शकते. १६ जीबीला सुरक्षित म्हणावं, आणि ती आरटीएक्स ५०७० टीआय, ५०८० आणि आरएक्स ९०७० एक्सटी या तिन्हींत आहे. म्हणूनच ५०७० टीआय ते ५०८० ही उडी गेमिंगसाठी मारली तर ठीक, एडिटिंगसाठी तिचं समर्थन अवघड. ३२ जीबीचं ५०९० अमेरिकेत १,९९९ डॉलर या जाहीर दराने बाजारात आलं, त्या दरात मिळणं मात्र दुर्मीळच राहिलं. ८के फुटेज किंवा जड थ्रीडी काम नसेल तर ते मिरवण्यासाठी आहे.

एसएसडीवर उधळपट्टी नको

बॉक्सवर १४,००० एमबी प्रतिसेकंद लिहिलेलं पाहून मन चळतं. पण हिशेब बघा. सोनीचा ए७एस ३ सगळ्यात जड सेटिंगला ४के व्हिडिओ ६०० मेगाबिट प्रतिसेकंदाने लिहितो, म्हणजे सेकंदाला ७५ एमबी. असे तीन कॅमेरे एकदम चालवले तरी २२५. साधारण ७,००० एमबी वेगाचं जेन ४ एसएसडी याला कितीतरी पटींनी पुरून उरतं. फ्लॅश मेमरीचे दरही चढलेले असताना जेन ५ चे पैसे क्षमतेवर घालावेत. जुनी प्रोजेक्ट्स हार्ड डिस्कवर.

काचेचं केबिनेट, झगमगते पंखे, महागडा मदरबोर्ड यांबद्दल वेगळं काय सांगायचं?

वीज, यूपीएस आणि विदर्भातला मे महिना

परदेशी यूट्यूबरच्या याद्यांमध्ये हा भाग नसतो. ५०८० साठी एनव्हिडिया ८५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते, ५०९० साठी १,०००. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉट पेलतो. रेंडर चालू असताना वीज गेली तर असा यूपीएस तिथेच मान टाकतो आणि फाइल जाते. यूपीएस वॉट बघून घ्यावा, व्हीए बघून नव्हे.

पीसीने खेचलेली ६००-७०० वॉट वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. नागपूर-अकोल्याच्या ४५ अंशांत पंखे आत घेतात तीही गरम हवाच. तिथे पुढून जाळीचं केबिनेट आणि मोठा एअर कूलर या दोन गोष्टी कुठल्याही आरजीबीपेक्षा मोलाच्या. डेझर्ट कूलरच्या दमट झोतात पीसी ठेवणं मात्र टाळावं.

आरटीएक्स ४०९० आणि पुढे ५०९० च्या पॉवर कनेक्टर वितळल्याच्या घटना २०२२ आणि २०२५ मध्ये समोर आल्या होत्या. प्लग पूर्ण आत बसलाय ना, हे असेंबल करणाऱ्यासमोर उभं राहून बघायला लाजू नये.

आता घ्यावा की थांबावं?

मायक्रॉनच्या अमेरिकेतल्या आयडाहो इथल्या नव्या कारखान्यातून पहिले वेफर २०२७ च्या मध्याला अपेक्षित आहेत. म्हणजे 'दिवाळीपर्यंत थांबू, उतरेल' ही आशा फार ठोस नाही. ज्याचं सध्याचं मशीन काम अडवतंय, त्याने ३२ जीबीवर घ्यावं आणि पैसे कार्डाकडे वळवावेत. जो फक्त गेमसाठी घेतोय, त्याला थांबायला हरकत नाही.

रेडीमेड डेस्कटॉपकडेही एकदा बघावं. मोठ्या कंपन्यांची मेमरी आधीच्या करारांनी घेतलेली असते, त्यामुळे कधीकधी पूर्ण मशीन सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतं. फक्त आत एकच स्टिक आहे का, हे विचारावं. एका स्टिकवर मेमरीची बँडविड्थ निम्मी होते.

बिल पक्कं घ्यावं. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला कामासाठी घेतलेल्या मशीनवरच्या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, आणि भागांची वॉरंटीही बिलावरच चालते. दुकानात क्रुशियलची शिल्लक रॅम दिसली तर घाबरायचं कारण नाही. विक्री बंद झाली तरी विकलेल्या मालाची वॉरंटी सेवा चालू राहील, असं मायक्रॉनने सांगितलं आहे.