लॅपटॉप घेण्याआधी कामाची यादी करा



दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेच्या फाटकाशी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोराला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ?" आणि आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं. "आय-५ घ्या, चांगला असतो." विचारणारा समाधानाने जातो, कारण शिक्षकाने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार.

माझ्या मते हे उत्तर अपुरं आहे. समोरचा माणूस सोयाबीनचे पैसे नाहीतर पतसंस्थेचं कर्ज घेऊन दुकानात जाणार असतो. ती वस्तू चार-पाच वर्षं चालायला हवी. म्हणून मॉडेलचं नाव सांगण्यापेक्षा निवडायचं कसं हे सांगणं हे आपलं काम आहे.

१) आधी काम, मग लॅपटॉप

एक कागद घ्या आणि लॅपटॉपवर नेमकं काय करायचं आहे ते लिहा. आपल्या शिक्षकांची यादी साधारण अशी होते : यू-डायस प्लस आणि सरलची माहिती भरणे, प्रश्नपत्रिका टाईप करणे, पीपीटी, दीक्षावरचे व्हिडिओ, वर्गात प्रोजेक्टर जोडणे. यातल्या एकाही कामाला गेमिंगचा महागडा लॅपटॉप लागत नाही. कॉमर्सच्या मुलाला एक्सेल आणि टॅलीपुरतं साधं मशीन पुरतं. इंजिनिअरिंग किंवा ॲनिमेशनला जाणाऱ्या मुलाला मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड लागू शकतं. त्यांनी आधी प्रवेश घ्यावा, कॉलेजात कोणती सॉफ्टवेअर लागतात ते विचारावं आणि मगच खरेदी करावी. घाई नको.

आणि एक स्पष्ट मत. पहिली ते सातवीच्या मुलासाठी स्वतंत्र लॅपटॉपची गरज नाही. घ्यायचाच असेल तर घरासाठी घ्या आणि तो सगळ्यांसमोर बैठकीच्या खोलीत ठेवा.

२) फक्त नावावर जाऊ नका, पूर्ण नंबर वाचा

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. "आय-५" हे फक्त घराण्याचं नाव झालं. पुढचा नंबर जास्त बोलतो. आय-५ ५२००यू हा पाचव्या पिढीचा प्रोसेसर, त्यात २ कोअर. आय-३ १२१५यू हा बाराव्या पिढीचा, त्यात ६ कोअर. म्हणजे इथे आय-३ हाच सरस. जुने लॅपटॉप पॉलिश करून विकणारे "आय-५ आहे" एवढंच मोठ्याने सांगतात, पिढी सांगत नाहीत. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. शाळेसाठी लोकवर्गणीतून सेकंडहँड लॅपटॉप घेताना ही गोष्ट नक्की तपासा.

३) नंतर काय बदलता येईल, काय नाही?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. घर बांधताना रंग नंतर बदलता येतो, पाया बदलता येत नाही. लॅपटॉपचंही तसंच आहे.

नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी : प्रोसेसर, पोर्ट आणि बोर्डावरच चिकटवलेली रॅम. स्क्रीन आणि कीबोर्ड बिघडले तर बदलून मिळतात, पण हौस म्हणून बदलणं परवडत नाही.
नंतर वाढवता येणाऱ्या गोष्टी : स्लॉट असेल तर रॅम, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी.

म्हणून आजचे पैसे पहिल्या यादीवर घाला. दुकानदाराला सरळ विचारा, "रॅमचा स्लॉट रिकामा आहे का?" असेल तर ८ जीबी घेऊन काम सुरू करा, दोन वर्षांनी वाढवा. रॅम चिकटवलेली असेल आणि स्लॉटच नसेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजचे स्वस्त लॅपटॉप टाळा. विंडोजचे अपडेट घेता घेताच त्यांची जागा संपते. साधी हार्डडिस्कही नको, एसएसडीच हवी.

४) हवे ते बदल आधीच करून घ्या

काही कंपन्यांच्या वेबसाईटवर ऑर्डर देतानाच रॅम, एसएसडी, वॉरंटी आपल्याला निवडता येते. मोठ्या दुकानातही रॅम वाढवून देतात. इथे आपली यादी कामाला येते. टचस्क्रीन, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड यांना काट मारा आणि ते पैसे रॅम आणि वाढीव वॉरंटीकडे वळवा. मात्र कंपनी रॅम वाढवायचे किती घेते आणि बाहेर तीच रॅम कितीला मिळते, याची तुलना करा. बाहेरून टाकायची असेल तर वॉरंटीला धक्का लागणार नाही ना, हे लेखी विचारून घ्या.

५) थोडं गणित करा

स्क्रीन १३६६×७६८ म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. १९२०×१०८० म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. जवळजवळ दुप्पट. रोज दोन-तीन तास टाईप करणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक जाणवतो.

बॅटरीवर "दहा तासांपर्यंत" असं लिहिलेलं असतं. त्यातला "पर्यंत" हा शब्द नीट वाचा. बॅटरी ४२ वॅट-अवरची असेल आणि लॅपटॉप सरासरी १० वॅट खात असेल, तर चार तास झाले की संपली. गावाकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे हा आकडा बघाच.

आणि ५१२ जीबीच्या एसएसडीवर संगणक ४७६ जीबी दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. सातवीच्या मुलांना घातांक शिकवताना हे उदाहरण छान चालतं!

६) विंडोज आणि ऑफिस

विंडोज नसलेला लॅपटॉप स्वस्त पडतो आणि "टाकून देतो, काळजी नको" असं सांगितलं जातं. ते बहुतेक वेळा चोरीचं असतं. आपल्या लॅपटॉपवर मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. चोरीचं सॉफ्टवेअर टाकून ही माहिती धोक्यात घालायचा आपल्याला अधिकार नाही. ऑफिस कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, हेही विचारा. परवडत नसेल तर लिब्रे ऑफिस मोफत आहे आणि ते मराठीतूनही वापरता येतं. मराठी टायपिंगसाठी वेगळे पैसे देऊ नका, इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो.

७) पैसे देण्याआधी

- कीबोर्डवर चार ओळी टाईप करून पाहा.
- प्रोजेक्टरसाठी पूर्ण आकाराचा एचडीएमआय पोर्ट आहे का ते बघा.
- सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, वॉरंटीत माणूस घरी येणार की आपण जायचं, ते विचारा.
- जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावरचा सिरीयल नंबर लॅपटॉपशी जुळवा.

काही जण म्हणतील, एवढं कोण बघत बसतो? पण भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, मग पन्नास हजारांच्या वस्तूला अर्धा तास का देऊ नये?

पालकांनी हा कागद करताना मुलाला शेजारी बसवावं. यादी त्यालाच लिहू द्या, नंबर त्यालाच वाचू द्या. "मला हवं आहे" आणि "मला लागणार आहे" यातला फरक पुस्तकातून शिकवणं अवघड असतं. इथे तो घरचे पैसे समोर ठेवून शिकायला मिळतो. आणि आपल्याला पुढच्या वेळी कुणी विचारलं, "मॅडम, कोणता घेऊ?" तर आपण आधी विचारूया, "त्यावर काम काय करणार?"