गाण्याने पोट भरते का?



धान कापून झाले, चुरणे आटोपले, पोती घरात आली, की आपल्या झाडीपट्टीत मंडपाचे खांब उभे राहू लागतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावचा शंकरपट, आणि रात्री नाटक नाहीतर दंडार नाहीतर खडी गंमत. आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असो की पार वडसा-देसाईगंजकडे असो, थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारी माणसे आपल्याच मुलखात. त्या गर्दीत अगदी पुढे, पेटीवाल्याच्या बोटांकडे टक लावून बसलेला एक पोरगा हमखास असतो. तो तुमचा असेल, शेजारच्या घरचा असेल. दुसऱ्या दिवशी बैल पाण्यावर नेताना तो तेच पद गुणगुणतो आणि चार दिवसांनी धीर करून म्हणतो, "बाबा, मले नाटकात जायचं आहे."

बाप विचारतो, "गाण्यानं पोट भरते का?" आई काही बोलत नाही. चुलीत लाकूड सारते.

बापाचा प्रश्न खोटा नाही. ज्याने एका पावसाच्या दगाफटक्याने वर्ष बुडालेले पाहिले आहे, तो पोराला दुसऱ्या जुगाराला कसा लावील? पण पोराच्या गळ्यातला सूरही खोटा नसतो. मग या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालायचा कसा? यावर उपदेश करीत बसण्यापेक्षा आपल्या विदर्भातल्याच एका पोराची हकिगत सांगतो. त्याचे नाव वसंतराव देशपांडे. नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये ज्यांच्या नावाचे मोठे सभागृह आहे, तेच हे.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. आईने त्यांना नागपुरात एकटीने, कष्ट करून वाढवले. घरात पैसा नाही, पाठीशी कोणी बडे माणूस नाही. पण त्या माउलीने एक गोष्ट ओळखली, की पोराच्या गळ्यात काही आहे. पोरगा शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकू लागला. सप्रे गुरुजी म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतले. त्याच विद्यालयात राम चितळकर नावाचा आणखी एक मुलगा शिकला. पुढे सी. रामचंद्र या नावाने त्याने हिंदी चित्रपटांचे संगीत गाजवले.

लहान वयातच वसंताकडे भालजी पेंढारकरांचे लक्ष गेले आणि त्यांनी त्याला 'कालिया मर्दन' या बोलपटात कृष्णाचे काम दिले. बोलपट १९३५ साली पडद्यावर आला. विचार करा, नागपूरच्या गरीब घरातला पोरगा, आणि पडद्यावर श्रीकृष्ण! आजच्या भाषेत सांगायचे तर पोराचा व्हिडिओ गावोगावच्या मोबाइलवर फिरू लागला, अशातली गोष्ट. आता याचे भाग्य उजाडले, असे कोणालाही वाटावे.

पण तसे झाले नाही. वाचकहो, इथे जरा थांबा. एक काम गाजले म्हणजे विद्या आली असे नव्हे. पहिला पाऊस पडला म्हणून कोणी विळा घेऊन बांधीत उतरत नाही. आधी पऱ्हे टाकायचे, मग रोवणी, मग निंदण, मग राखण. वसंतरावांची रोवणी अजून व्हायची होती. तरुणपणी लाहोरला राहण्याचा योग आला. तिथे असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारवा रागाचा अभ्यास केला. पुढे सुरेशबाबू माने, रामकृष्णबुवा वझे, अंजनीबाई मालपेकर अशा कितीतरी जाणत्यांकडून जे मिळेल ते घेतले. तबला शिकले, पेटी वाजवू लागले. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीने तर त्यांना वेडच लावले होते. एकाच घराण्याचा शिक्का नाही म्हणून नाके मुरडणारेही भेटले. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे वसंतराव त्यांना ऐकवीत, असे सांगतात.

आता त्या दीनानाथरावांचेच पाहा. तेही पोरवयातच रंगभूमीवर आलेले. देखणे रूप, विजेसारखी तान. १९१८ साली त्यांनी मित्रांसह बळवंत संगीत मंडळी काढली, नाव झाले, पैसा आला. मग १९३१-३२ पासून बोलपट बोलू लागले आणि नाटक कंपन्यांचा प्रेक्षक तिकडे वळला. दीनानाथरावांनी स्वतः चित्रपट काढून पाहिले, त्यात ठोकर बसली. १९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ते गेले तेव्हा वय होते अवघे ४१. मागे बायको आणि पाच लेकरे. थोरली लता बारा वर्षांची. तिला चित्रपटांत छोटी छोटी कामे करून घर चालवावे लागले. पुढे ती गानकोकिळा झाली ही देवाची कृपा आणि तिची मेहनत. पण बारा वर्षांच्या लेकरावर संसाराचा भार पडला, हेही विसरता येत नाही. एवढा मोठा कलावंत, तरी काळ फिरला तेव्हा हाताशी दुसरे काही नव्हते.

वसंतरावांची वाट वेगळी निघाली. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि सुमारे २४ वर्षे त्यांनी ती नोकरी केली. दिवसा आकड्यांची बेरीज-वजाबाकी, संध्याकाळी गाणे. पु. ल. देशपांड्यांसारखे मित्र मिळाले, मैफली रंगल्या, रेडिओवर गाणे झाले, चित्रपटांत आवाज दिला. पण सकाळी पुन्हा कचेरी. मध्येच बदली झाली ती थेट देशाच्या ईशान्य सीमेकडे, नेफाच्या मुलखात. ज्याच्या गळ्यात मारवा, त्याच्या हातात खतावणी! किती जणांनी हळहळ केली असेल. स्वतः वसंतरावांनाही ते सोपे गेले असेल असे समजू नका.

अखेर ती नोकरी सुटली आणि वसंतराव पूर्णवेळ गाण्याकडे वळले. डिसेंबर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक रंगमंचावर आले. ते लिहिले आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि नाटक उभे केले प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने. त्यात खाँसाहेब आफताब हुसेनची भूमिका वसंतरावांनी केली. एक मुलगा गाणे शिकायला तळमळतो आहे आणि विद्या आपल्याच घराण्यात राहावी म्हणून खाँसाहेब ती देत नाहीत, तेव्हा तो ती लपून ऐकून शिकतो, असे ते नाटक. विद्या कोणाच्या मालकीची, हा त्यातला सवाल. बारा गावचे पाणी पिऊन विद्या गोळा करणारे वसंतराव त्या भूमिकेत असे रंगले, की महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले.

हिशेब मांडा. १९३५ साली पडद्यावर कृष्ण, १९६७ साली रंगमंचावर खाँसाहेब. मध्ये ३२ वर्षे गेली. वय ४७. त्यानंतर १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटात ते दिसले, १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि ३० जुलै १९८३ रोजी ते गेले. २०१५ साली 'कट्यार'वर चित्रपट निघाला. त्यांच्या आयुष्यावरचा 'मी वसंतराव' २०२२ साली आला, त्यात त्यांचे काम केले नातू राहुल देशपांडे यांनी. हे नातूही गायक आणि नट, आणि हिशेबाच्या परीक्षा देऊन बसलेले!

मंडळी, आपल्याकडे बांधीत धान लावतात आणि धुऱ्यावर तूर टाकतात. धान घराला खाऊ घालते. तूर सावकाश वाढते, धान निघून गेले तरी ती उभीच असते आणि मागाहून हाती येते. वसंतरावांनी नेमके हेच केले. नोकरी ही बांधी, गाणे ही धुऱ्यावरची तूर. बांधी पडीक टाकली नाही, आणि तूर उपटूनही फेकली नाही.

म्हणून पोराला एकदम "नाही" म्हणू नका. आपल्या झाडीपट्टीची रंगभूमी काही कमी नाही. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे याच रंगभूमीवर आयुष्यभर राबले आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिवाळीनंतर होळीपर्यंत रंगणारे आणि पावसाळ्यात पुन्हा चिखलात उतरणारे कितीतरी कलावंत आपल्या भागात आहेत. त्यांना भेटा, त्यांच्याकडून खरी स्थिती समजून घ्या.

आणि "हो" म्हणण्याआधी चार गोष्टी पाहा. पहिली, शिकवणारा कोण? नुसता मंचावर उभा करणारा नको, सूर आणि ताल बसवणारा हवा. दुसरी, परीक्षा. नाटकाचा हंगाम आणि दहावी-बारावीची परीक्षा एकाच वेळी येतात. ती वर्षे शाळेची आहेत, तेवढी थांबायची तयारी पोराची आहे का? तिसरी, पैसा. रात्रीचे किती, प्रवास कोणाचा, प्रयोग रद्द झाला तर काय, हे आधी कागदावर उतरवून घ्या. लाजू नका. धान विकताना काटा पाहता, मग इथे का नाही? चौथी, सोबत कोण आणि रात्रीचा मुक्काम कुठे? जागरणाच्या जोडीला बाटली फार लवकर येते.

गाणारी मुलगी असेल तर? पूर्वी आपल्याकडे बायकांची कामे पुरुष करीत. आता मुली मंचावर येतात आणि उत्तम काम करतात. तिलाही हेच चार प्रश्न विचारा. पाचवा, "लोक काय म्हणतील" हा मात्र विचारू नका. तिच्यासोबत घरचे एखादे वडीलधारे माणूस जाईल एवढे पाहा.

माउलीला एक वेगळे सांगणे आहे. वसंतरावांच्या आईजवळ पैसा नव्हता, पण पोराचा गळा ओळखणारा कान होता. तुमच्याजवळही तो आहे. पोरगा पहाटे उठून घसा साफ करू लागला तर "सकाळी सकाळी काय रडतोस" असे म्हणू नका. गोठ्यातले शेण काढून झाल्यावर तासभर त्याचा त्याला द्या. वर्षभर तो नेमाने बसला, तर समजा बी अस्सल आहे. महिन्याभरात कंटाळला, तरी काही बिघडले नाही, मन मोकळे झाले आणि पोरगा बांधीवर परत आला.

तेव्हा यंदाच्या मंडईनंतर घरात ती गोष्ट निघालीच, तर "गाण्यानं पोट भरते का" म्हणून विषय तोडू नका. पोट कसे भरायचे ते बाप-लेक बसून ठरवा. आणि रोज संध्याकाळी जेवताना एवढेच विचारा, "आज रियाज केलास का?"