दिसला तर दिसला!

"आई, मी फेब्रुवारीत लडाखला चाललेय."
"फेब्रुवारीत? अगं, लोक तिथे जूनमध्ये जातात ना?"
"लोक बाईक चालवायला जातात. मला मांजर बघायचंय."

यानंतर फोनवर जी शांतता पसरली, तिचं बिल मीच भरलं असेन.

हे मांजर म्हणजे हिमबिबट्या. राखाडी अंग, त्यावर काळे ठिपके आणि जवळपास मीटरभर लांब झुपकेदार शेपूट. समोरच्या कड्यावर आरामात बसलेला असला तरी आपल्याला दगडच दिसतो. आपल्या देशात 2019 ते 2023 या काळात त्याची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी झाली. आकडा आला 718, त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये. नरिमन पॉइंटच्या एखाद्या टॉवरमधून लंच टाइमला याहून जास्त माणसं खाली उतरतात, बॉस!

मग थंडीतच का जायचं? कारण थंडीत भरल, म्हणजे तिथल्या जंगली मेंढ्या, खाली उतरतात आणि त्यांच्या मागोमाग हाही येतो. शिवाय हा त्याचा जोडीदार शोधायचा मोसम. म्हणजे साहेब जरा जास्त फिरतात. त्यामुळे जानेवारी ते मार्च, हेमिस नॅशनल पार्क, मुक्काम रुंबाक गावात. इथपर्यंत प्लॅन एकदम परफेक्ट.

गाडी अडली ती बजेटवर. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला पेड लीव्ह नसते. पंधरा दिवस गायब म्हणजे पंधरा दिवसांची कमाई गुल. त्यात विमान, गाईड, भाड्याची मोठी लेन्स. मी एक्सेल शीट उघडली आणि ‘जमा’च्या रकान्यात बिनधास्त लिहिलं: हिमबिबट्याचा फोटो, विकून येणारे पैसे. न काढलेल्या फोटोचे!

त्या एका ओळीने माझं डोकंच फिरवलं. मग मला गॅरंटी हवी झाली. एका एजंटने ती फोनवर दिलीसुद्धा. "मॅडम, दिसणारच. आमची माणसं जवळ नेतात." यावर मी काय विचारलं असेल? "किती जवळ?"

फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्या थंडीत एक शिकार मिळवणं म्हणजे जिवावरचं काम. शिकारीवर बसलेल्या जनावराभोवती आपण लेन्स घेऊन गर्दी केली, तर ते ताट टाकून निघून जाणार. मग पुढचं जेवण कुठे शोधणार? कदाचित गावातल्या गोठ्यात. हिमबिबट्या गोठ्यात शिरला तर एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारतो. पूर्वी गावकरी त्याचा बदला त्याला मारून घ्यायचे. बिबट्याच्या शेजारी राहणं काय असतं, हे आरे कॉलनीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रुंबाकमध्ये हे गणित बदललं ते होमस्टेमुळे. 2000च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे घराघरांत पाहुणे राहायला लागले, गोठ्यांना वरून जाळ्या बसल्या. ज्याच्यामुळे मेंढ्या जायच्या, त्याच्यामुळेच घरात चार पैसे यायला लागले. म्हणजे मला तो दिसो न दिसो, माझ्या मुक्कामाचे पैसे योग्य घरी पोचणार होते. हे कळल्यावर मी शीटमधली ती ओळ डिलीट केली. नवा लॅपटॉप पुढच्या वर्षी. जुन्याची ‘एस’ची की अडकते, पण चालतंय.

आता प्लॅन असा आहे. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणून पहिले तीन दिवस नुसतं लोळायचं. (डेडलाइनवर जगणाऱ्यांना हे सगळ्यात कठीण!) मग रुंबाकला आठ दिवस, परतीला दोन दिवस जास्तीचे, कारण हवा बिघडली की लेहची विमानं रद्द होतात. रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरू शकतो आणि थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते, म्हणून ती स्लीपिंग बॅगमध्ये माझ्याबरोबरच झोपणार. गाईड म्हणेल तिथे थांबायचं, दुर्बिणीने कडे न्याहाळायचे. तो दिसला तर एखाद्या किलोमीटरवरूनही दिसेल. फोटोत ठिपका आला तरी तो माझा ठिपका!

आणि नाहीच दिसला तर? पीटर मॅथिसन 1973 साली नेपाळच्या डोल्पोत गेला होता. त्याला हिमबिबट्या दिसला नाही, तरी त्याने लिहिलेलं ‘द स्नो लेपर्ड’ जगभर गाजलं. मी निदान एक कॉलम तरी लिहीनच.

परवा आईचं कुरियर आलं. आत बाबांची माकडटोपी, डिंकाचे लाडू आणि एक चिठ्ठी:

"दिसला तर लांबूनच बघ. त्याला त्रास देऊ नकोस."