मामा, मराठी आणि फुटबॉल

गोव्यात मराठीचा विषय निघाला की आपण सगळे ठरलेल्या वाटेने चालू लागतो. भजनी सप्ताहातली मराठी, कीर्तनातली मराठी, जत्रेला होणाऱ्या नाटकांची मराठी, मास्तरांनी छडीच्या धाकाने शिकवलेली मराठी आणि शेवटी १९८७ चा राजभाषा कायदा. यादी खरीच आहे. पण तिच्यात फुटबॉलचे मैदान कधी येत नाही. माझे म्हणणे असे, की आमच्या आधीच्या पिढीने गोव्यात जी चांगली मराठी लिहिली, तिच्यातली बरीचशी दैनिकांच्या क्रीडापानांवर, सामन्यांच्या वृत्तांतांत लिहिली. ती आपण वाङ्मयात धरली नाही आणि ती रद्दीत गेली. हे मत व्हायला माझा मामा कारण आहे, तेव्हा वाचकांनी थोडी भाचेपणाची सूट देऊन वाचावे.

मामा मूळ पेडण्याचा. दशावतार पाहत वाढलेला आणि तरुणपणी एकदोनदा तोंडाला रंग लावून संकासुरही झालेला. पुढे एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक म्हणून चिकटला. एका रविवारी क्रीडा वार्ताहर तापाने पडला म्हणून याला मडगावला सामन्याला पाठवले, तो तिथून पस्तीस वर्षे परत आलाच नाही. कोंब भागात भाड्याची एक खोली, एक लॅम्ब्रेटा आणि खिशात तपकिरीची डबी एवढाच संसार. लग्न केले नाही. शर्ट असे भडक, की आई म्हणायची, "अरे, रेफरी एक दिवस तुलाच कार्ड दाखवील." सोमवारी त्याची सुट्टी. त्या दिवशी तो फोंड्याला आमच्याकडे यायचा, हातात मडगावच्या बाजारातली सुंगटे आणि बगलेत आठवड्याचे अंक. जेवणे झाली की छत्री तलवारीसारखी धरून रविवारचा सामना ओसरीवर पुन्हा उभा करायचा. पेनल्टी आली की थांबायचा, तपकिरीची चिमूट ओढायचा, शिंकायचा, आणि मगच गोल व्हायचा. आजीला फुटबॉलमधले काही कळत नसे, पण तीही आत भांडी घासायची थांबून दारात येऊन बसे.

त्याचे लिहिणेही असेच होते. दशावतारात संकासुर येण्याआधी झांज आणि मृदंग जसा चढत जातो, तसा त्याचा वृत्तांत पहिल्या गोलाकडे चढत जायचा. ऑफसाईड म्हणजे काय हे त्याने एकदा वाचकांना असे सांगितले होते, की आपले सैन्य पोहोचण्याआधी शत्रूच्या गडात शिरून किल्ल्या शोधणारा शिपाई. संपादकांनी मराठी प्रतिशब्दांची यादी दिली, त्यातला 'गोलरक्षक' त्याने आनंदाने घेतला, 'बचावपटू' कुरकुरत घेतला आणि कॉर्नर, पेनल्टी, ऑफसाईड यांना हात लावू दिला नाही. मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस जो शब्द ओरडतो तोच छापायचा, हा त्याचा नियम. मला तो आजही बरोबर वाटतो. खेळाची मराठी शब्दकोशात बसून घडत नाही. मुंबईत वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून खेळाला स्वतःचे पान आणि स्वतःची भाषा मिळवून दिली. मार्च २०२३ मध्ये ते गेले तेव्हा त्याबद्दल पुष्कळ लिहून आले. मामा त्यांचा भक्त. शिळा का होईना, पण तो अंक मिळवून वाचायचा. मात्र करमरकरांचे वाचक मराठी बोलत होते. मामा ज्यांच्यावर लिहायचा त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, हा आमच्याकडचा खास पेच.

बाणावली, कोलवा, वेर्णे, कुठ्ठाळी इथली पोरे कोंकणी बोलायची, वाचली तर रोमी लिपी वाचायची. मराठी दैनिके मात्र या गावांतही जायची, कारण तिथल्या पसऱ्यावर हिंदू पसरकार असे आणि त्याच्याकडे सकाळी अंक येत असे. १९६२ साली 'गोमन्तक' निघाला, १९७० साली 'नवप्रभा', आणि अशा दैनिकांच्या गठ्ठ्यांबरोबर सामन्याची बातमी तांदूळ-गुळाच्या दुकानात पोहोचू लागली. सोमवारी सकाळी पाव घ्यायला आलेला सेंटर फॉरवर्ड पसरकाराला म्हणायचा, "आमचें किदें बरयलां, वाच मरे." आणि पसरकार तराजू बाजूला ठेवून मराठी वाचायचा, वाचता वाचता तिची कोंकणी करायचा. मामाला हे ठाऊक होते. म्हणून तो वाक्ये मोठ्याने म्हणून पाहायचा. गावठी स्पर्धांत एका संघात चार फर्नांडिस असणे ही नेहमीची गोष्ट, तेव्हा तो प्रत्येकाचे घराचे टोपणनाव आणि वाडा लिहायचा, म्हणजे पसऱ्यावर वाद नको. पीक कापल्यावर कोरड्या शेतांत सामने व्हायचे, तेव्हा चेंडू शेजारच्या कुणग्यातून धावत आणून देणाऱ्या पोरालाही एखाद्या ओळीत जागा मिळायची.

गोव्यात फुटबॉल १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी आणला असे सांगतात. तेव्हापासून तो चर्चच्या अंगणातला खेळ अशी आपल्याकडच्या पुष्कळ मराठी घरांची समजूत. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघाच्या आणि भारताच्या गोलात उभे राहिले तरी ती समजूत पुरती गेली नाही. १९८२-८३ साली गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी तो एकट्याने जिंकला, तेव्हा मामाने लिहिलेले वृत्तांत आमच्या शेजारच्या भटजींनी मोठ्याने वाचल्याचे आई सांगते. मराठी वाचणाऱ्याला सासष्टीच्या पोराचे कौतुक वाटावे आणि त्या पोराला मराठी पेपर आपला वाटावा, हे काम तेव्हा संमेलनांच्या कुठल्याच ठरावाने केले नव्हते.

१९८६ हे वर्ष आठवा. भाषेवरून गोवा पेटला होता, रस्त्यांवर झाडे आडवी पडत होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. घरातले वातावरण कडक मराठीवादी. मामाही मराठीच्या बाजूचाच होता, मोर्चातही गेला होता. पण एका सोमवारी कोणीतरी त्याला ऐकवले, "तुझी भाषा एकीकडे आणि तुझे खेळाडू दुसरीकडे, तू नक्की कोणाचा?" मामा चिडला नाही. म्हणाला, "मी वार्ताहर आहे. दोन्ही गोल मला मोजावे लागतात." त्या काळात त्याला मडगावच्या मैदानावर कोणी अडवले नाही, ही गोष्ट मला पुढे कळत गेली तसतशी मोठी वाटू लागली. ज्या भाषेविरुद्ध त्या गावांत घोषणा चालल्या होत्या, त्याच भाषेतला आपला वृत्तांत ऐकायला पोरे पसऱ्यावर येत होती.

मजकूर पाठवायची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. पावसात शाई पसरते म्हणून तो पेन्सिलीने लिहायचा. सामना संपला की स्टँडवर धावायचे, पाकीट पणजीला जाणाऱ्या कारेरच्या क्लीनरकडे द्यायचे, पुढे कदंबाच्या गाड्या आल्यावर कंडक्टरकडे. पणजीला कार्यालयाचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. शेवटची गाडी चुकली तर लॅम्ब्रेटा होतीच. मानधन कॉलमच्या इंचांवर, पण उपमा कापल्या गेल्या की त्याला पैशांपेक्षा उपमांचे वाईट वाटायचे.

या भडक लिहिणाऱ्या माणसाचा एक वृत्तांत मात्र अगदी कोरडा आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध खेळत होता. धेंपोचे दोन्ही गोल त्याचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडक झाली, तो पडला आणि पुन्हा उठला नाही. मामा तेव्हा निवृत्तीला आला होता. सामना त्याने दूरदर्शन संचावर पाहिला आणि रात्री सोबतची टिपणी लिहून दिली. दोनच परिच्छेद. एकही उपमा नाही, संकासुर नाही, झांज नाही. मृत्यू पहिल्या ओळीत आणि करंडक शेवटच्या. मला मराठीत वाचलेल्या मृत्युलेखांत तो सर्वांत चांगला वाटतो.

मामा २०११ च्या जुलैत गेला, सामने नसलेल्या महिन्यात. पेडण्याला नेला. तिथे आमच्या ओळखीची नसलेली पंधरावीस माणसे भर पावसात सासष्टीहून आली होती, बहुतेक साठीच्या पुढची. एकाने प्लास्टिकमध्ये घालून घेतलेले कात्रण खिशातून काढून मला दाखवले. त्याला त्यातले अक्षर वाचता येत नव्हते, पण आपले नाव कुठल्या ओळीत आहे तिथे त्याने अचूक बोट ठेवले.

मी सरकारी कारकून. पुरावा म्हणजे काय ते मला रोज बघावे लागते. खेळाडू असल्याच्या दाखल्यासाठी येणारी माणसे पिवळी कात्रणे घेऊन येतात आणि फायलीवर शेरा पडतो की वृत्तपत्रीय कात्रण ग्राह्य नाही, प्रमाणपत्र जोडावे. नियमाच्या दृष्टीने शेरा योग्यच. पण गावच्या स्पर्धेत खेळलेल्या माणसाला प्रमाणपत्र कोण देणार होते? मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात केलेल्या ६४२ धावा जगभरच्या ग्रंथांत नोंदलेल्या आहेत, त्या कुठे जात नाहीत. वेर्ण्याच्या एखाद्या फर्नांडिसाने पायाला फडके बांधून केलेला गोल फक्त एका मराठी वृत्तांतात आहे. तो कागद गेला की गोल गेला.

आताच्या क्रीडापानांबद्दल काय बोलावे. युरोपातल्या संघांचे मोठे रंगीत फोटो, आयपीएल, आणि कोपऱ्यात गावची स्पर्धा. तिच्यातही बक्षीस वाटणाऱ्या पाहुण्याचे नाव गोल करणाऱ्याच्या आधी. २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तीन संघांनी आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हा त्यावर मनापासून लिहिलेला एक मराठी लेख मी शोधत होतो. तरुण वार्ताहरांना मी दोष देत नाही; एकेकाला चार कामे असतात आणि पत्रक जसेच्या तसे लावणे सोपे पडते. कोणी म्हणेल, आता गावचे सामने मोबाईलवर थेट दिसतात, कोंकणी समालोचनासकट, मग लिहायचे कशाला? ते समालोचन मीही ऐकतो आणि मामा तर तिथे माईक हिसकावून बसला असता. पण दुसऱ्या दिवशी पसऱ्यावर वाचायला त्यातून काही उरत नाही.

म्हणून मला वाटते की आपल्या मराठी मंडळांनी कवितासंग्रहांच्या रांगेत एक तरी पुस्तक क्रीडा वृत्तांतांचे काढावे. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या दैनिकांच्या फायली आहेत. एकेक वर्ष वाटून घेतले तर काम होण्यासारखे आहे. माझ्याकडे मामाच्या वह्यांच्या तीन पेट्या आहेत आणि रविवारी दुपारी मी त्या टाईप करतो. सध्या १९९० वर आहे, फातोर्ड्याच्या स्टेडियमवरचा संतोष करंडकाचा अंतिम सामना, गोवा दोन, केरळ शून्य. दोन्ही गोल त्याने यथासांग रंगवले आहेत. पण मधेच चार ओळी बाहेरच्या चणेवाल्याच्या आहेत. गर्जना झाली की तो भिंतीकडे तोंड करून विचारायचा, "कोणें मारलो?" आणि आतून उत्तर येईपर्यंत पुडी बांधत नसे.