जिल्हा पुरवणीत अडकलेली बातमी

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. स्थानिक पानांवर ती आधी 'अनैतिक संबंधां'ची बातमी म्हणून आली. जातीय अत्याचार म्हणून राज्यभर गाजायला महिना गेला, तोही समाज रस्त्यावर उतरल्यावर.

जिल्हा आवृत्त्यांनी गावाला पेपरात जागा दिली, हे खरेच. पण भंडाऱ्याचे पान पुण्यात कोण वाचतो? शिवाय गावच्या वार्ताहराला जाहिरातीही आणाव्या लागतात. त्या देणार सरपंच किंवा ठेकेदार (वाढदिवस कुणाचा ना कुणाचा असतोच!). त्यांच्याविरुद्ध तो लिहिणार कसा?

म्हणून आम्ही वस्तीत घटना घडली की एफआयआरची प्रत मिळवून त्याच दिवशी मुंबई-नागपूरच्या पत्रकारांना पाठवतो. ॲट्रॉसिटीचे कलम लागले का, हे आधी पाहतो.